व्यवहार आणि व्रत : माणशी भाव

चातुर्मास उतरणीला लागला की मंदिराच्या आवारातील फलकावर, स्थानकाच्या दाराशी आणि महिला मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर यात्रांच्या जाहिराती दिसू लागतात. कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा खुली होते, पाऊस सरलेला असतो, शेतमालाची पहिली आवक आटोपत आलेली असते आणि घरातील ज्येष्ठांच्या मनात शिखरजीचे वेध लागतात. जाहिरातीत तीर्थाचे नाव ठळक असते. पण त्याहून ठळक असतो तो माणशी आकडा. गंमत अशी की, तुरीच्या क्विंटलमागे दहा रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारे व्यापारी घराणे हा आकडा मात्र एका नजरेत स्वस्त किंवा महाग ठरवून मोकळे होते. त्या आकड्याच्या पोटात काय आहे, हे फारसे कोणी विचारत नाही.

‘माणशी भाव’ ही कल्पनाच आपल्या परंपरेला तशी नवी आहे. पूर्वी संघ निघे तो संघपतीच्या खर्चाने. तेराव्या शतकात धोळक्याच्या वाघेला राजवटीतील मंत्री वस्तुपाल याने शत्रुंजय आणि गिरनारच्या संघयात्रा नेल्या, तेव्हा कोणा यात्रिकाने किती भरायचे हा प्रश्नच नव्हता. एकाने द्रव्य खर्चावे आणि शेकडोंनी पुण्य जोडावे, अशी ती रीत होती. आज अनेक घराण्यांचे ‘संघवी’ हे आडनाव त्याच मानाची खूण म्हणून उरले आहे. आजही कोठे कोठे एखादे कुटुंब संघ काढते. परंतु बहुतेकांची यात्रा आता आयोजकाकडून होते आणि आयोजक हा दुकानदार आहे. त्यात कमीपणा काही नाही. मात्र दुकान म्हटले की वजनमाप आले, आणि वजनमाप आले की तिसऱ्या अणुव्रताचा प्रश्नही आला.

अहिल्यानगरच्या मार्केट यार्डातील एका आडत्याच्या घरची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तीन पिढ्या धान्याच्या पेढीवर बसलेल्या या घरातील धाकट्या मुलाने पेढीवर न बसता ट्रॅव्हल एजन्सी उघडली. विमानाची आणि रेल्वेची तिकिटे काढून देणे, लग्नाच्या वऱ्हाडासाठी बस ठरवणे, असा दोन वर्षे जम बसवल्यावर त्याने शिखरजीची पहिली यात्रा जाहीर केली. नऊ दिवस, मनमाडहून रेल्वेने गयामार्गे पारसनाथ, मधुबन, चंपापुरी, पावापुरी, राजगृही, कुंडलपूर, गुणावा, आणि गयेहून परत. भाव माणशी १८,२०० रुपये.

हा भाव त्याने कसा काढला होता, ते पाहू. बिहार-झारखंडातील ५ दिवसांची बस, स्वयंपाकाचे सामान नेणारी छोटी गाडी, आचारी आणि त्याचे तीन मदतनीस, स्वतः तो व एक सहायक, हमाली, पार्किंग असा संघाचा एकत्रित खर्च त्याने २ लाख ६० हजार धरला. रेल्वेचे तिकीट, धर्मशाळा, भोजन आणि किरकोळ असा एका यात्रिकामागचा खर्च ११,००० रुपये. बस ४५ आसनांची. म्हणून २ लाख ६० हजारांना ४५ने भागले, ५,७७८ आले. त्यात ११,००० मिळवले, वर ८ टक्के नफा चढवला आणि त्या नफ्यावर ५ टक्के जीएसटी धरला. कागदावर सारे चोख होते.

संघात आले ३४ जण. त्यांपैकी दोन जागा संघ जमवून देणाऱ्या ताईंना आणि त्यांच्या यजमानांना मोफत दिलेल्या. म्हणजे पैसे भरणारे ३२. परत आल्यावर हिशेब मांडला, तेव्हा सुमारे ७९ हजारांचा खड्डा निघाला.

पण खरा खड्डा निराळाच होता. चंपापुरी राहिली होती.

मधुबनच्या धर्मशाळेतून पहाटे दोन-अडीचला निघालेले यात्रिक पर्वताची वंदना करून परतले ते दुपार कलल्यावर. चढ ९ किलोमीटर, वरच्या टोंकांची परिक्रमा ९ आणि उतार ९, अशी ती २७ किलोमीटरची वाट. मुलाने वेळापत्रकात लिहिले होते, ‘सायंकाळी ५.३० भोजन, ६.३० प्रस्थान’. पुण्या-नगरच्या घड्याळाने ते बरोबर होते. परंतु डिसेंबरात नगरकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर मधुबनला पाचलाच. सारा देश एकाच घड्याळाने चालतो, सूर्य मात्र आपल्या रेखांशाने चालतो. साडेपाचला जेवण वाढायचे म्हणजे चौविहार करणाऱ्या २६ जणांना उपाशी ठेवायचे. आचाऱ्याने धावपळ करून साडेचारला पाने मांडली, तेव्हा निम्मे लोक अजून पायऱ्या उतरत होते. त्या रात्री प्रस्थान झाले नाही, होण्यासारखे नव्हतेच. दुसऱ्या दिवशी भागलपूरकडे जायचे तर बसला दिवसाचा मोठा भाग लागणार, आणि गयेहून परतीची तिकिटे ठरलेली. चंपापुरी वगळून संघ थेट राजगृहीला गेला.

वासुपूज्य भगवंतांची पाचही कल्याणके जेथे झाली असे मानले जाते, ते चंपापुरी हे एकमेव तीर्थ. संघातील ७६ वर्षांच्या एका आजी केवळ त्यासाठी आल्या होत्या. शिखरजी त्यांची पूर्वी झालेली होती. त्यांनी तक्रार केली नाही. परतीच्या गाडीत एवढेच विचारले, ‘‘बाळ, कागदावर लिहिलं होतं ना रे?’’

मुलाने घरी येऊन वडिलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, आधी ७९ हजारांची आणि मग चंपापुरीची. वडिलांनी क्रम उलटा केला. ‘‘आधी माल कमी दिलास त्याचं बोल. तोट्याचं नंतर,’’ असे म्हणून त्यांनी पैसे भरलेल्या प्रत्येकाला १,५०० रुपये परत करायला लावले. तोटा सव्वा लाखावर गेला. मुलाला ते अन्यायाचे वाटले, कारण तोटाही त्याचाच होता आणि दंडही त्यालाच. वडिलांच्या लेखी तो दंड नव्हता. शंभर पोती सांगून नव्वद उतरवली, तर दहांचे पैसे परत करावेच लागतात. भाव आपल्याला परवडला होता की नव्हता, याच्याशी गिऱ्हाइकाला काय करायचे?

त्यानंतरच्या रविवारी पेढीच्या मागच्या खोलीत बापलेक हिशेबाला बसले. हा हिशेब यात्रा-आयोजनातच नव्हे, कोणत्याही ठोक सेवेच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांनी नीट पाहावा असा आहे.

वडिलांचा पहिला प्रश्न होता, ‘‘ट्रकभाडं तू किती पोत्यांवर वाटतोस?’’ ट्रक भरलेला असो की अर्धा, भाडे तेच. पोत्याची खरेदी मात्र पोत्यागणिक वाढते. बस, आचारी, व्यवस्थापक हे ट्रकभाडे. तिकीट, खोली, जेवण ही पोत्याची खरेदी. मुलाने ही विभागणी केली होती, येथपर्यंत तो बरोबर होता. चुकला तो भागाकारात. ४५ आसनांच्या बसमध्ये ४५ यात्रिक बसतच नाहीत. आचारी व एक मदतनीस सामानाच्या गाडीत पुढे गेले, तरी उरलेले दोन मदतनीस, मुलगा आणि सहायक अशी चार आसने गेली. मागच्या रांगेतील दोन जागा ज्येष्ठांना देता येत नाहीत, तेथे धक्के फार बसतात. राहिली ३९. आणि ३९ हा झाला पूर्ण भरलेल्या बसचा आकडा. ज्याने आयुष्यभर धान्य विकले तो काही प्रत्येक ट्रक काठोकाठ भरेल असे धरून भाव सांगत नाही. लग्ने निघतात, नातवंडांच्या परीक्षा येतात, घरात सुतक येते, गुडघे धरतात. वडिलांनी ३२ हा आकडा धरला. ३२च का? तर मागच्या वर्षी पैसे भरणारे ३२ होते म्हणून. जे घडून गेले आहे त्यावर भाव काढावा, जे घडावेसे वाटते त्यावर नाही, इतके साधे त्यांचे गणित होते.

दुसरी गोष्ट कराची. यात्रा-आयोजकाच्या सेवेवर ५ टक्के जीएसटी लागतो तो गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या पूर्ण रकमेवर, केवळ नफ्यावर नव्हे. शिवाय हा सवलतीचा दर घेताना खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. दुसऱ्या टूर ऑपरेटरकडून घेतलेल्या त्याच प्रकारच्या सेवेपुरता अपवाद आहे. म्हणजे बसवाल्याने लावलेला कर हा आयोजकाचा खर्चच होतो. यात्रा धार्मिक आहे म्हणून खासगी आयोजकाला कर माफ होतो, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे.

तिसरी गोष्ट सूर्याची. वेळापत्रक मधुबनच्या सूर्यास्ताप्रमाणे पुन्हा मांडले, वंदनेच्या दिवशी पुढचा प्रवास ठेवला नाही, तेव्हा यात्रा ९ची १० दिवसांची झाली. एक दिवस वाढतो म्हणजे काय वाढते? बसचे २८,०००, सामानाच्या गाडीचे ५,०००, आचारी-मदतनिसांचा आणखी एक दिवस, वर प्रत्येक यात्रिकामागे खोली आणि जेवण मिळून ८५०. भरलेल्या बसला हा दिवस ७० हजारांच्या घरात जातो. जैन यात्रा इतर सहलींपेक्षा महाग का पडते, याचे एक उत्तर येथे आहे. कंदमूळ वर्ज्य असल्याने काही महाग पडत नाही, बटाट्याऐवजी दुसरी भाजी येते इतकेच. महाग पडते ते वेळेचे बंधन. सूर्यास्तापूर्वी पान मांडायचे तर बसने चारपर्यंत मुक्कामी पोहोचले पाहिजे, त्यासाठी स्वयंपाकाची गाडी दोन तास आधी पोहोचली पाहिजे. सकाळी नवकारसी पाळणाऱ्यांना सूर्योदयानंतर ४८ मिनिटांच्या आत काही देता येत नाही, पाणी उकळून गार करायला वेळ लागतो, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चालत नसल्याने कडधान्याची तयारी आदल्या रात्री करावी लागते. रेल्वेत गॅसचे सिलिंडर नेता येत नाहीत, तेव्हा ते मधुबनलाच मिळवावे लागतात. हॉटेलात जेवण ठरवून मोकळा होणारा सहल-संचालक संध्याकाळी आठपर्यंत स्थळे दाखवतो. जैन यात्रेचा दिवस त्या मानाने आखूड, आणि आखूड दिवसांची यात्रा लांब होते.

आता १० दिवसांचा हिशेब असा झाला. बस ६ दिवसांची १ लाख ६८ हजार, सामानाची गाडी ३० हजार, आचारी व तीन मदतनीस यांची मजुरी, प्रवास व राहणे ५८ हजार, मुलगा व सहायक यांचे ३२ हजार, हमाली, पार्किंग व किरकोळ १२ हजार. एकूण ३ लाख. यात्रिकामागे रेल्वेच्या वातानुकूलित तिसऱ्या वर्गाचे जाऊन-येऊन ४,५००, सहा रात्रींचे निवासाचे ३,०००, दहा दिवसांचे भोजन ३,५००, विमा, प्रभावना आणि सुटे १,०००, एकूण १२,०००. ३ लाखांना ३२ने भागले की ९,३७५. दोन्ही मिळून २१,३७५ हा पडता भाव.

येथे वडिलांनी पेढीची एक सवय आणली. धान्य साठवले की घट येते. ओल सुकते, उंदीर खातो, पोते फाटते. जो घट धरत नाही तो वर्षाच्या शेवटी तराजूला दोष देतो. यात्रेतही घट असते. कोणाला दवाखान्यात न्यावे लागते, गाडी उशिरा आल्याने एक जेवण फुकट जाते, धर्मशाळेत खोल्या कमी मिळाल्याने चार जणांना बाहेर ठेवावे लागते. त्यासाठी ३ टक्के धरले, २२,०१६ झाले. ८ टक्के नफा धरला, २३,७७७ झाले. त्यावर ५ टक्के कर, २४,९६६.

सहायकाने २४,९९९ सुचवले. पुढच्या खोलीत जप करीत बसलेल्या आजीने आतूनच विचारले की, आहेर करताना आपण शंभरावर एक रुपया वाढवून देतो आणि भाव सांगताना एक कमी का करतो? याला कोणापाशी उत्तर नव्हते. भाव २५,००० ठरला.

या भावात बस किती माणसांवर सुटते? कर वजा जाता हाती २३,८१० येतात; त्यातून यात्रिकाचा स्वतःचा खर्च १२,००० गेला की ११,८१० उरतात. ३ लाखांचा एकत्रित खर्च भरून निघायला २६ माणसे हवीत. २५ आली तर पावणेपाच हजारांचा तोटा. ३२ आली तर सुमारे ७८ हजार सुटतात. बस पूर्ण, म्हणजे ३९ची भरली तर १ लाख ६० हजार. घट न लागली तर, हे गृहीत आहेच. महिनाभराची तयारी, दहा दिवसांची धावपळ आणि चाळीस ज्येष्ठांची जोखीम यांच्या मानाने हा नफा डोळे दिपवणारा नाही. पण २६ आणि ३९ यांच्यामध्ये १३ माणसांची जागा आहे. धंदा त्या जागेत श्वास घेतो.

जाहिरात लागली त्याच आठवड्यात गावात दुसरी जाहिरात आली. तेच तीर्थ, तेवढेच दिवस, भाव १९,९९९. मंडळातील काकी फोनवर बोलल्या त्या थोड्या दुखावलेल्या सुरात, ‘‘आपल्याच मुलाने पाच हजार जास्त घ्यावेत का?’’ मुलाचा धीर सुटला. तो भाव २१,०००वर आणायला तयार झाला.

वडिलांनी त्याला रागे भरले नाही. दुसऱ्याचा भाव त्याच्याच खर्चाने तपासून पाहा, एवढेच सांगितले. १९,९९९मधून कर वजा जाता १९,०४७ उरतात. त्यातून १२,००० गेले की ७,०४७. ३ लाखांना ७,०४७ने भागले तर ४३ माणसे लागतात. बसमध्ये यात्रिकांच्या जागा ३९. म्हणजे बस काठोकाठ भरली तरी २५ हजारांचा तोटा ठरलेला. मग समोरचा हा तोटा कशातून भरून काढणार?

धर्मादाय करणारे आयोजकही असतात, आणि मोठ्या आयोजकाला वर्षभराची बस स्वस्त पडते, हेही खरे. तेवढा वाजवी फरक सोडला, तर उरलेला फरक कोठून तरी काढावाच लागतो. वातानुकूलित डब्याऐवजी स्लीपरचे तिकीट; जाहिरातीत फक्त ‘रेल्वे प्रवास’ लिहिलेला असतो. दोघांच्या खोलीत चौघे. जाहिरातीत फक्त ‘निवास’. आचारी न नेता सगळीकडे भोजनशाळेत जेवण. वाटेत ठरलेल्या दुकानापाशी दीड तासाचा थांबा आणि त्या दुकानाची दलाली. काही तीर्थांचे दर्शन बसच्या खिडकीतून. यातील एकही गोष्ट सरळ खोटी नाही. परंतु अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे देण्याघेण्याची मापे वेगळी ठेवणे, आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे हलके देणे, हे धान्याच्या पेढीवर जसे लागू पडतात तसेच ‘निवास’ या एका शब्दालाही लागू पडतात. माप शब्दाचेही असते.

या ठिकाणी धर्मशाळेबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण येथे भलेभले घसरतात. मधुबनच्या कोठ्यांत किंवा पावापुरीच्या धर्मशाळेत खोली अल्प आकारात मिळते ती बाजारभावाने नव्हे, तर कोणा दात्याने पूर्वी कधी तेथे द्रव्य लावले म्हणून. भोजनशाळेचेही तसेच. ती सवलत दात्याने यात्रिकाला दिलेली आहे, आयोजकाला नाही. आयोजकाने हॉटेलच्या दराने खोलीचे पैसे घेऊन ट्रस्टला अल्प आकार भरला, तर मधला फरक हा त्याचा नफा नसून दात्याचे दान वाटेत अडवल्यासारखे आहे. मुलाने निवासाचे माणशी ३,००० धरले होते. वडिलांच्या सांगण्यावरून त्याने जाहिरातीच्या पाठीमागे छापले की, जेथे धर्मशाळेत मुक्काम होईल तेथे प्रत्यक्ष आकार वजा जाता उरलेली रक्कम त्याच ट्रस्टला संघाच्या नावे भेट दिली जाईल आणि पावती सर्वांना दाखवली जाईल. यामुळे त्याचा एक रुपयाही वाचला नाही. पण दोन कुटुंबांनी नाव नोंदवले ते हे वाचून.

मोफत जागांचा प्रश्न यापेक्षा अवघड गेला. वीसमागे एक जागा संघ जमवणाऱ्याला द्यायची, असा या धंद्यातील सर्रास प्रघात आहे. देऊ नये असे नाही; जमवणाऱ्याचे कष्ट असतातच. पण ती जागा आयोजक देत नाही, शेजारी बसलेले वीस जण देतात, आणि त्यांना ते ठाऊक नसते. मागच्या वर्षीच्या दोन मोफत जागा म्हणजे दोघांचे २२ हजार रुपये रोख बाहेर गेले होते. मुलाने यंदा ताईंना स्पष्ट सांगितले की, जमवण्याबद्दल माणशी ठराविक रक्कम देईन, ती हिशेबात लिहीन, तिकीट मात्र सर्वांना सारखे. ताई रुसल्या. पंधरा दिवस त्यांनी फोन घेतला नाही. मग त्यांनी आणि यजमानांनी पूर्ण पैसे भरून नावे दिली आणि जमवण्याची रक्कम जीवदयेला देण्यास सांगितले.

डोलीचे मात्र भावात घालता येईना. पर्वत चढू न शकणाऱ्यांना डोली घ्यावी लागते आणि डोलीचा दर यात्रिकाच्या वजनावरून ठरतो. सर्वांच्या भावात डोली घातली तर पायी चढणाऱ्या सासूबाईंच्या पैशाने दुसरी डोलीत बसणार. न घातली तर जाहिरातीतील भाव अपुरा ठरणार. त्याने भावाच्या लगेच खाली, त्याच मोठ्या अक्षरांत छापले : ‘डोली वेगळी, तेथील दराने, डोलीवाल्यांच्या हाती’. बारीक टीप केली नाही. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट केली, जिचा भावाशी काही संबंध नाही. मागच्या वर्षी वजनकाट्यावर सगळ्या संघासमोर उभे राहताना काही श्राविका ओशाळल्या होत्या. यंदा नाव नोंदवतानाच वजन खासगीत विचारून डोलीचा अंदाज कळवला, आणि वजन करायला संघ झोपी गेल्यावर तिघी-तिघींना नेले.

भाव जाहीर करण्याच्या वेळेचीही एक अडचण असते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. पर्युषणात डिसेंबरची यात्रा जाहीर करायची, तर भाव तिकिटापूर्वीच सांगावा लागतो. आरक्षण उघडेल त्या सकाळी चाळीसेक तिकिटे काढायची आणि एका डब्यात सर्व ज्येष्ठ येतील असे पाहायचे, हे एका माणसाचे काम नाही. तिकिटे न मिळाल्यास काय करणार, हे जाहिरातीतच लिहिलेले बरे. मुलाने लिहिले की, ठरलेल्या वर्गाचे तिकीट न मिळाल्यास पूर्ण रक्कम परत. सहायकाला हे धाडसाचे वाटले. वायद्याचे व्यवहार पाहिलेल्या वडिलांना त्यात विशेष काही वाटले नाही.

रद्द करणाऱ्यांचा नियमही त्याने सुटसुटीत ठेवला. यात्रिकामागचा जो खर्च वाचला तो परत, बसचा व आचाऱ्याचा वाटा परत नाही. मात्र आपल्या जागी दुसरा यात्रिक दिला आणि रेल्वेचे तिकीट जमले, तर फक्त तिकिटातला फरक घ्यायचा. घरात सुतक आले तर बसचा वाटाही परत, तो घटीच्या ३ टक्क्यांतून. दोन कुटुंबांच्या बाबतीत ही वेळ आली आणि घटीचा बराच भाग तेथेच गेला.

शेवटी संघात ३१ जण झाले. ताई-यजमान धरून ३१, सर्व पैसे भरणारे. मागच्या संघातील ५ जण पुन्हा आले होते, त्या ७६च्या, आता ७७च्या, आजीही. मुलाने वडिलांना विचारले की, चंपापुरी राहिलेल्यांना काही सूट द्यावी का? वडील म्हणाले, ‘‘भाव सगळ्यांना एकच. तुला वाटत असेल तर तुझ्या नफ्यातून दे, पण दुसऱ्याच्या भावात घालू नकोस.’’ त्याने पाचही जणांना माणशी ३,००० परत केले. आजींनी ते घेतले, आणि चंपापुरीच्या कार्यालयात त्याच्याच देखत भंडारात टाकले. पावतीवर नाव कोणाचे लिहायचे, असे मुनीमजींनी विचारले तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले.

संघ भागलपूरच्या मुक्कामी सव्वाचारला पोहोचला होता. आचाऱ्याची गाडी दोन वाजताच आलेली. साडेचारला पाने मांडली गेली, पाचपूर्वी चौविहाराचे पच्चक्खाण झाले. परतल्यावर आठव्या दिवशी मुलाने ३१ जणांना एका कागदावर हिशेब पाठवला. त्यात बसचे, आचाऱ्याचे, धर्मशाळांच्या भेटींचे, जमवण्याबद्दल दिलेल्या रकमेचे आकडे होते आणि तळाशी त्याचा स्वतःचा नफाही होता. गावातील काही आयोजकांना हे अजिबात रुचलेले नाही. नफा छापायचा नसतो, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि धंद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. आता पुढच्या वर्षी प्रत्येक जण त्याच्याशी त्या आकड्यावरूनच घासाघीस करणार. पालिताण्याच्या यात्रेसाठी मंडळाच्या काकींनी ती सुरूही केली आहे. ८ टक्क्यांचे ६ करतोस का, असे त्यांनी विचारले आहे, आणि त्याने दोन दिवसांची मुदत मागून घेतली आहे.